रिकाम्या गाडीचं वजन

शहाण्णव सालच्या गाळप हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावरचा सर्व्हर मी सांभाळायचे. बावड्याच्या ज्ञानूतात्यांची रिकामी बैलगाडी काट्यावर आली, की आकडा लुकलुकून पन्नास किलोंनी वाढायचा. लगेच प्रिंटर कागदावर छापायचा : मेमरीत एक चूक सापडली, दुरुस्त केली.

भरल्या गाडीतून हेच वजन वजा व्हायचं, म्हणून दर खेपेला तात्यांचा पन्नास किलो ऊस बुडायचा, तरी ते कधी भांडले नाहीत.

"तात्या, गाडीत कुणी बसलंय का?"

"न्हाय म्याडम. मी बी खाली उतरलोय."

मग दोष मेमरीच्या चिपचाच. असल्या चिपा मी ढिगानं बदलल्या होत्या. भर दुपारी ती काढली, ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली आणि नवी बसवली.

तात्यांची गाडी पुन्हा घेतली. आकडा ढिम्म. प्रिंटर गप्प.

"बघा, झालं की नाही?"

तात्या रिकाम्या गाडीत वाकून बघत होते, काही हरवल्यासारखे.

गाडी पुढं गेल्यावर मी स्वतःच काट्यावर उभी राहिले. खिडकीतल्या तांबड्या आकड्यांनी पंचावन्न दाखवलं. माझं वजन तेवढंच. मी हसले.

आकडा लुकलुकला. एकशे पाच.

आत प्रिंटर खडखडला.

तात्या लगबगीनं माघारी आले आणि माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत हळूच म्हणाले, "चल गं, गाडीत बस."