बुधवारची झोप

"ओळख पटली नाही," दारावरचं यंत्र तिसऱ्यांदा म्हणालं.

तिने केस मागे सारले, चष्मा काढला, पुन्हा घातला. बाळंतपणाची रजा संपवून ती आज कामावर आली होती आणि दार काही उघडेना. ती रजेवर असतानाच पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात नवी प्रणाली आली होती. चेहरा दाखवला की दार उघडायचं, हजेरी लागायची, संगणकही त्यावरच सुरू व्हायचा. चेहरा नोंदवायला तिला मागच्या आठवड्यात बोलावलं होतं. तेव्हा बाळ तिच्या खांद्यावर होतं. ते कुणाकडे जाईना, मग ठेवणार कुठे?

पहारेकऱ्याने पडद्यावर तिचा क्रमांक काढला आणि एकदा पडद्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं.

"बाई, नाव तुमचंच आहे. चेहरा मात्र छोट्या साहेबांचा आहे."

पडद्यावर तिचं आठ महिन्यांचं बाळ होतं. हनुवटीवर लाळ, चेहऱ्यावर गड जिंकल्याचा भाव. कोपऱ्यात तिचा एक कान दिसत होता.

पहारेकऱ्याने तिला अभ्यागतांच्या वहीत सही करायला लावून आत सोडलं. साहेबांच्या टेबलावर तिचा जुना अर्ज अजून पडलेला होता. बाळ वरचं दूध घेत नाही, तेव्हा काही महिने त्याला सोबत आणू द्यावं, असा. त्यावर साहेबांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'कार्यालय म्हणजे पाळणाघर नव्हे.'

साहेबांनी तो अर्ज फायलीखाली सरकवला. सात दिवस गैरहजेरी लागली की प्रणाली आपोआप नाव काढून टाकायची. प्रणालीपुढे साहेबांचंही काही चालत नव्हतं.

"उद्यापासून त्याला घेऊन या," ते म्हणाले. "पण तात्पुरतं. दुरुस्तीवाला बुधवारी येतो. तोवरच."

त्या संध्याकाळी रडून रडून घसा बसलेलं बाळ सासूबाईंनी तिच्या हातात दिलं. "चमचाभर दूध पोटात गेलं नाही गं. घेऊन जा बाई त्याला. आणि तिथं रडला तर कानाची पाळी हळू चोळ. दोन मिनिटांत डोळे मिटतो. याच्या बापाचंही तसंच होतं."

दुसऱ्या दिवसापासून बाळ कामावर जाऊ लागलं. यंत्र त्याला बघून "सुप्रभात" म्हणायचं आणि दार उघडायचं. तिच्या गळ्यात अभ्यागताचा बिल्ला असायचा. वहीतल्या 'कोणाला भेटायचे आहे' या रकान्यात पहारेकरी रोज न चुकता लिहायचा, 'छोटे साहेब.' संगणक दर पंधरा मिनिटांनी चेहरा मागायचा, की ती बाळाला उचलून पडद्यासमोर धरायची. चौथ्या दिवशी तिने संगणकावर आग विझवण्याच्या प्रशिक्षणाची परीक्षा दिली आणि बाळाचा फोटो असलेलं प्रमाणपत्र आलं. हेडक्लार्क गेली दोन वर्षं त्या परीक्षेत नापास होत होते. त्यांनी ते प्रमाणपत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं.

साहेब आधी लांबूनच बघायचे. मग एकदा परिपत्रक हातात घेऊन बाहेर आले आणि ते अख्खं बाळाला वाचून दाखवलं. "या कार्यालयात पहिल्यांदाच कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं," म्हणाले आणि आत गेले.

बुधवारी अकराला दुरुस्तीवाला आला. काम सोपं होतं. जुन्या चेहऱ्याने दहा सेकंद डोळे उघडे ठेवून कॅमेऱ्यात बघायचं, म्हणजे बदलाला संमती मिळाली. मग नवा चेहरा. एवढंच, की यंत्राला जाग यायला तीन-चार मिनिटं लागायची.

बाळ खिदळत होतं. तिने त्याला दुपट्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं. उद्यापासून हा घरी, हा विचार मनात आला आणि दुपट्याखाली तिची बोटं आपसूक चालू लागली.

यंत्र जागं झालं तेव्हा बाळ झोपलं होतं. दुरुस्तीवाल्याने किल्ल्या वाजवल्या. हेडक्लार्कांनी मोठ्या आवाजात आगीची सूचना वाचली. बाळ हललं नाही.

"कर्मचारी प्रतिसाद देत नाही," यंत्र म्हणालं.

पुढच्या बुधवारीही तेच झालं. नोकरीत सात वर्षं तिने साधी पेन्सिलही घरी नेली नव्हती. आता ती दर बुधवारी कार्यालयाला फसवत होती. तिसऱ्या बुधवारी तिने मनाशी ठरवलं, आज हात बांधून ठेवायचे. व्हायचं ते होऊ दे.

तेवढ्यात साहेब खोलीतून बाहेर आले.

"दर बुधवारी बरोबर अकराला कसा झोपतो हो हा?"

तिने झटकन हात दुपट्याबाहेर काढला.

"द्या इकडे. आज मी धरतो."

तिने बाळ दुपट्यासकट त्यांच्या हातात दिलं. कुणाकडे न जाणारं ते पोर, रडलंसुद्धा नाही. साहेब कॅमेऱ्याकडे तोंड करून खांबासारखे उभे राहिले. दुरुस्तीवाल्याने कळ दाबली. यंत्राचा दिवा लुकलुकू लागला. ती हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली आणि घरी बाळाला कुठल्या वाटीने पाजता येईल, याचा विचार करू लागली.

यंत्राला जाग आली.

"कर्मचारी प्रतिसाद देत नाही."

बाळाची मान साहेबांच्या खांद्यावर कलली होती.

"आता काय करणार," साहेब दुरुस्तीवाल्याला म्हणाले. "बघू पुढच्या बुधवारी."

दुपटं एका बाजूने घसरलं होतं. ते सारखं करायला ती पुढे झाली आणि तिथेच थबकली. साहेबांची दोन जाडजूड बोटं बाळाच्या कानाची पाळी अजूनही हळूहळू चोळत होती.