पाणी कुठवर आलंय

दरवर्षी तेच. कार्प माशांनी काठाच्या बुडालेल्या गवतात अंडी घालायची आणि नेमकं तेव्हाच धरणवाल्यांनी भातलावणीसाठी पाणी सोडायचं. पाणी उतरलं की अंडी गवतावरच वाळून जायची. ग्वांगसपचं जाळं वर्षागणिक हलकं होत चाललं होतं.

यंदा तर पाऊसच नव्हता. जलाशय टेकडीच्या पार तळाशी गेला होता.

"माशांनाही अक्कल नाही मेल्यांना," तो करवादला. "उघड्यावर अंडी घालतात!"

"सोक्जूचे बाबा, बाहेर या जरा," बायकोने हाक मारली.

टेकडीवरच्या त्यांच्या घरापुढच्या जवाच्या ओंब्यांना माशांची अंडी चिकटली होती. ओली, ताजी. पाणी तर खाली, हाकेच्याही पलीकडे.

"कुणीतरी माझी थट्टा करतंय," म्हणत त्याने ती ओरबाडून फेकली.

दुसऱ्या दिवशी अंडी अंगणातल्या किमची मुरवायच्या रांजणांवर होती. मग खिडकीच्या चौकटीवर. आज थेट छपराच्या कडेला. ग्वांगसप शिडीवर चढून खराट्याने खसाखसा घासू लागला.

"अहो, राहू द्या ना! जन्मभर ह्याच अंड्यांसाठी बोंबललात."

"तू गप्प बस!" म्हणत तो चिडून वळला.

वारा अजिबात नव्हता. जवाची काडीही हलत नव्हती. पण बायकोच्या डोक्यावरच्या रुमालाची टोकं सावकाश वर उचलली गेली आणि तिथेच तरंगत राहिली.

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती छपराच्याही वर बघत होती.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "केवढा मोठा मासा आहे हा."