रविवारचा निरोप

भाताच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि घरातली शांतता मोडली. नूतनने गॅस बारीक केला. पिंडांचा भात होत आला होता. मागच्या पडवीत तिची सासू, चंद्रावती, पदर कानांवर ओढून बसली होती. पुढ्यातल्या सुपात वाल होते, पण हात चालत नव्हता.

आज सासऱ्यांचं दहावं. हवालदार दत्तात्रेय गेल्यापासून रोह्याच्या आसपासची माणसं येत होती आणि प्रत्येकाकडे त्यांची एकेक आठवण होती. लष्करात त्यांचं काम जखमींना स्ट्रेचरवरून उचलून आणायचं. निवृत्त होऊन गावी आले तरी ते सुटलं नाही. कोलाडला हायवेवर गाडी उलटली की पहिला फोन त्यांना. गावातली पोरं घेऊन ते निघायचे. कुणाच्या बापाला, कुणाच्या बहिणीला त्यांनी खांद्यावरून आणलं होतं.

घरातही तसंच. चंद्रावतीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांनी तिला हंडा उचलू दिला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिवाला धक्का बसता कामा नये. ती बरी होऊन घरी आली, तेव्हा ते नवस फेडायला म्हणून गेले आणि डोकं भादरून परत आले. मिशीसकट. फौजीची ती मिशी. बायकोसाठी केस दिले म्हणून गावाने कौतुक केलं होतं.

पितृपक्षात ते एक पान जास्त वाढायचे. विचारलं तर म्हणायचे, पलटणीतल्या पोरांचं, ज्यांचं करायला मागे कुणी नाय.

आणि रविवार. मोठा मुलगा हरेश आईशी भांडून जहाजावर गेला, तेव्हा धाकटा प्रविण, नूतनचा नवरा, अजून शाळेत होता. घरात फोन नव्हता, म्हणून हरेशने पेणच्या गुणाजीचा नंबर नेला होता. गुणाजी पलटणीतला दोस्त, पेणला त्याचा गणपतींचा कारखाना. दर रविवारी दत्तात्रेय सकाळच्या गाडीने पेणला जायचे, तिथे लेकाचा फोन घ्यायचे आणि दुपारी निरोप आणि पोह्यांचे पापड घेऊन यायचे. मोबाइल आले तरी रीत बदलली नाही. जहाजाच्या कागदावर तोच नंबर आहे, म्हणायचे. एकदा निरोप आणला, हरेश विचारत होता, नूतनच्या लेकीचा, भूमीचा दात पडला का. भूमी खूश. न पाहिलेल्या काकाला सांगा म्हणून ती आजोबांना तोंड उघडून खिंडार दाखवायची.

चंद्रावतीचा प्रश्न ठरलेला असे. "जेवतो ना येळेवर?"

"जेवतो."

एवढंच. स्वतः फोनवर बोलायला तिने कधी मागितलं नाही. हरेश निघाला तेव्हा ती म्हणाली होती, दारात येऊन उभा ऱ्हा, मग बोलीन. म्हातारी हट्टी, असं गाव म्हणे. भूमीला थोपटताना नूतनच्याही कितीदा मनात आलं होतं, आई होऊन माणूस इतकं दगड कसं होतं.

भाताचं ताट घेऊन ती अंगणात आली, तेव्हा गुणाजी पेणहून पोचला होता. प्रविण त्याला विचारत होता, हरेशला कळवलं का.

"निरोप धाडलाय," गुणाजी म्हणाला. नखांत बसलेला गणपतीचा रंग तो खरवडत राहिला.

प्रविण वळून पिंडांचं सामान उचलायला लागला. धाटावच्या कंपनीत शिफ्ट सांभाळून गेली कित्येक वर्षं आईबापाकडे त्यानेच पाहिलं होतं, आणि आईचे डोळे रस्त्याकडे लागलेले.

कुंडलिका नदीच्या काठावर पिंड मांडले. समोरच्या पिंपळावर कावळे होते, पण एकही खाली येईना. भटजी म्हणाले, त्यांचं मन कशात अडकलं असेल ते बोला. प्रविणने शब्द दिला, आईला अंतर देणार नाही. गावातल्या पोरांनी शब्द दिला, स्ट्रेचर धूळ खात पडणार नाही. नूतनने भूमीच्या शिक्षणाचं सांगितलं. कावळे माना वाकड्या करून बघत राहिले. ऊन चढलं.

"हवालदार हाय तो," शेजारचा नाथा म्हणाला. "हजेरी पुरी झाल्याबिगर हलायचा नाय. एक जण कमी हाय."

कुणी हसलं, लगेच गप्प झालं. सगळ्यांना कळलं, कोण कमी आहे ते.

"आता काय जहाज वळवून आणू?" प्रविणचा आवाज फाटला.

भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तो पिंडाला शिवला की विधी पुरा होतो. पण मग गाव कायम म्हणणार, एवढा माणूस, जाताना मनात काहीतरी ठेवून गेला. प्रविणने मान खाली घातली.

तेव्हा चंद्रावती उठली. नूतनने पुढे केलेला हात तिने धरला नाही. पिंडांपाशी जाऊन ती खाली बसली. भूमीही तिच्यामागून गेली, म्हणून नूतनला जावं लागलं. हरेश येईल, असा शब्द म्हातारी देणार, असं सगळ्यांना वाटलं.

ती हळू बोलली. चहा घेता का विचारावं तसं.

"मला ठाव हाय, अवो. तुमी डोकं भादरून आलात ना, त्याच सांजेला कळलं. आपला हरेश गेला. नवस फेडून आलेला माणूस न्हाणीत बसून तोंडात पंचा कोंबून रडत नाय. तुमी माझ्या जिवाला जपत व्हता, म्हणून मी बी दर रविवारी इचारीत ऱ्हायले. आता जावा. भेटंल तो तुमाला. खरंखुरं इचारा त्याला, जेवतो का येळेवर."

पाठीशीच उभा असलेला गुणाजी मटकन खाली बसला.

पिंपळावरून एक कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच लावली. भूमीने नूतनचा पदर ओढला.

"मम्मी, मग रविवारी आजोबा फोनवर कुणाशी बोलायचे?"