टायपिस्टबाईंचा दांडा

सुताराने बाथरूममधला शेवटचा स्क्रू आवळला आणि भिंतीवरच्या स्टीलच्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवलं.

"आता हत्ती बांधलात तरी निघायचा नाही, मावशी."

बाहेर जमलेली मंडळी हसली. टायपिस्टबाईही हसल्या. त्यांना नोकरी सोडून वीस-एक वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांचं नाव तेच राहिलं होतं. आज त्यांच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी सिमेंटचा उतार झाला होता, पलंग उंच झाला होता, सकाळी अंघोळीला मदत करायला एक बाई येणार होती. हे सगळं गल्लीने वर्गणी काढून, शाळेच्या पटांगणात मेळा भरवून उभं केलं होतं. म्हाताऱ्या माणसांना आपलं घर सोडावं लागू नये म्हणून. सलूनवाल्याने त्या दिवशी मनगट सुजेपर्यंत केस कापले आणि सगळा गल्ला वर्गणीच्या डब्यात टाकला. औषधवाल्याची बायको कधी चार माणसांत बोलत नसे, ती माइकसमोर उभी राहून गायली.

"पहिलं घर तुमचं, बाई," बँकवाल्या वहिनी म्हणाल्या. मेळा त्यांच्याच डोक्यातून निघालेला. "आता शंभरी इथंच काढायची."

टायपिस्टबाईंनी चहाचा कप तोंडाला लावला.

त्यांना इथं राहायचंच नव्हतं. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात त्यांची ऑफिसातली मैत्रीण होती. तिला भेटायला म्हणून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत पत्ते खेळत बसल्या. जेवताना लांबलचक टेबलावर सगळे एकाच वेळी बोलत होते, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. बाईंना ते फार आवडलं. घरी दुपारी एखादं भांडं पडलं तरी त्यांना सोबत वाटायची. मैत्रिणीच्या शेजारची खोली त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकली.

घरी परतल्या तर वहिनी दारात, चेहरा नुसता फुललेला. मेळा भरवून पहिलं तुमचंच घर करायचं, ही बातमी घेऊन आलेल्या. त्यांना लगेच नाही कसं म्हणायचं? आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता मेळा झाला, सिमेंट आलं, सुतार आला. दर दिवसाला सांगणं जास्तच जड होत गेलं.

तेवढ्यात घड्याळवाले काका आले. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी आख्ख्या गल्लीची घड्याळं दुरुस्त केली होती. राहायचे त्याच दुकानाच्या वर. गुडघे गेलेले, आणि त्यांच्या जिन्याला कठडाच नव्हता. ते थेट बाथरूममध्ये गेले, दांडा धरून दोनदा खाली बसले, दोनदा उठले.

"काम पक्कं आहे," सुताराकडे बघून ते म्हणाले.

"पुढच्या मेळ्यात तुमचा जिना, काका," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला मुलगा तरी आहे. बाईंना कुणीच नाही, म्हणून आधी त्यांचं."

"बरोबरच केलंत. पण माझं आता राहू द्या. परवा मुलगा त्याच्याकडे न्यायला येतोय. मागच्या महिन्यात आठवडाभर जिना उतरलो नाही, मग त्यानेच ठरवलं. दुकान, खोली, दोन्ही दिलं सोडून."

"थांबा की जरा," सलूनवाला म्हणाला. "काढू काहीतरी मार्ग."

"दुकानाची किल्ली काल देऊन बसलो रे." काका टायपिस्टबाईंकडे वळले. "तुमचं झालं, जिवाला बरं वाटलं. जुन्यातलं एक तरी माणूस गल्लीत राहिलं."

बाईंनी कप खाली ठेवला.

"मीही जातेय," त्या म्हणाल्या. "वृद्धाश्रमात. पुढच्या महिन्यात."

कुणाला काही कळलंच नाही. सुतार स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच उभा राहिला.

"वृद्धाश्रमात?" वहिनी म्हणाल्या. "आम्ही एवढे सगळे असताना? आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही चुकलं. मला तिथं करमतं."

"मग बोलायचं नाही का, बाई? एका शब्दाने?"

"तुम्ही सगळे इतके खूश होतात." हे बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ऐंशीच्या घरातली बाई, आणि उत्तर शाळेतल्या पोरीचं.

घड्याळवाले काका इतका वेळ त्यांच्याकडेच बघत होते.

"कधी ठरलं होतं हे?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच.

"मेळ्याच्या आधी."

काकांनी मान हलवली. बंद पडलेलं घड्याळ उघडून बघावं आणि काही न बोलता झाकण लावावं, तसे ते दिसले.

मंडळी एकेक करून निघाली. वहिनी जाताना कप गोळा करून मोरीत ठेवायला मात्र विसरल्या नाहीत. औषधवाल्याची बायको खाली मान घालून गेली. शेवटी काका उठले. दाराबाहेरचा नवा उतार पाणी मारल्यामुळे अजून ओला होता, घसरण्याची भीती होती. बाई लगबगीने पुढे झाल्या आणि त्यांनी हात दिला.

काकांनी त्या हाताकडे पाहिलं. मग दाराची चौकट धरून एकेक पाऊल टाकत स्वतःच उतरले.

"राहू द्या, बाई," मागे न बघता ते म्हणाले. "परक्या घरात राहायचंय मला आता. एकट्याने चालायची सवय करायला हवी."