मोडलेलं यमक

रुचिताने चित्राचं कार्ड पुढे धरलं. त्यावर चमचा होता. कल्याणच्या शाळेत उभा जन्म उपमा आणि अनुप्रास शिकवलेल्या प्रभाकर प्रधान सरांना चमचा म्हणता येईना. ओठ हलले, "त... त..." एवढंच निघालं. सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पक्षाघातानंतर हात वळू लागला होता, पाय उचलत होता. वाचा मात्र रुसून बसलेली. बाळकुमच्या फ्लॅटमध्ये आता काय तो टीव्ही बोलायचा. हा माणूस पुन्हा कधी बोललाच नाही तर, या धास्तीने त्यांच्या पत्नीच्या, उत्तराबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"काकू, कधीकधी नुसता शब्द येत नाही, पण ठेक्यात येतो," रुचिता म्हणाली. बोलणं परत शिकवायला ती घरी यायची. "जुनं पाठ असलेलं काही ट्राय करूया? तुम्ही म्हणा, शेवट काकांवर सोडा."

आरती झाली, पाढे झाले. सर ढिम्म.

उत्तराबाई पलंगाशी टेकल्या. त्यांना आठवत होतं ते काही फार गोड नव्हतं. लग्नाच्या पंगतीत घाबरून त्यांनी उखाण्याचा शेवट चुकवला होता, आणि घास भरवायचा सोडून नवरदेवाने सगळ्यांदेखत चूक काढली होती. त्याचा राग त्यांनी संसारभर लोणच्यासारखा मुरवला होता.

त्यांनी तोच उखाणा घेतला. "खोपटच्या स्टँडवर एसटी आली कल्याणहून, प्रभाकररावांचं नाव घेते, प्रधानांची मी... बायको."

सरांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी उत्तराबाई पुरत्या ओळखून होत्या. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा ठासूनच. "प्रधानांची मी बायको."

"सू..." सर वळले. "सून." दम खाऊन ते पुढे म्हणाले, "यमक... मोडलंस."

उत्तराबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळेना.

"काकू, आता एकदा बरोबर म्हणा ना," रुचिता म्हणाली. "काकांना बरं वाटेल."

"छे गं," उत्तराबाईंनी पदराने डोळे टिपले. "आता मी रोज चुकणार."