मिठातला कांदा

या, सरका जवळ. जीव कुठं राहतो त्याची एक गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, मांडी अवघडायच्या आत संपेल.

लातूर नवा जिल्हा झाला होता. पावसानं मात्र जुनीच खोड धरली होती. उदगीरकडच्या एका गावात गुरुपादप्पा गुरुजी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून घामाघूम झाले होते. यंत्र जिल्ह्याहून जीपनं आलेलं, दुपारी पुढच्या शाळेला जायचं. पोरांनी पेशी आजवर फळ्यावरच पाहिलेली. आज जिवंत दाखवतो, असा शब्द गुरुजींनी दिला होता.

आणि काचेवर एकही पेशी धड नव्हती. भिंती जागच्या जागी. आतला जांभळा जीव तेवढा आकसून मधोमध गोळा झालेला. त्यांनी कांद्याचा दुसरा पापुद्रा सोलला. तेच!

कांदे चिरून आणले होते शाळा झाडणाऱ्या धोंडाबाईनं. ती दारातच उभी होती.

"धोंडाबाई, कांद्याला काय केलंत?"

"काय न्हाई की. मीठ लावलं."

"मीठ?"

"तुमच्यात कांदा चालत न्हाई. वासाचा तरास नगं म्हणून मिठात मुरवला, गुरुजी."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. मिठानं पेशीतलं पाणी ओढून घेतलं होतं. "अहो, मी काय भाकरीसंगं खायला मागवला होता?"

पोरं फिदीफिदी हसली. धोंडाबाईचं तोंड एवढंसं झालं.

"दुसरा आहे?"

"समदेच चिरले."

"मग पाणी तरी आणा, गोडं."

रांजण कोरडा ठणठणीत. टँकर कालही आला नव्हता. बाहेर जीपचा भोंगा वाजला. "गुरुजी, आटपा! नळेगावचे वाट बघायलेत!" ड्रायव्हर चंद्रप्पा ओरडला.

गुरुजींची नजर खुंटीवरच्या पिशवीकडं गेली. आत तांब्या होता, गळ्यातल्या लिंगाच्या दुपारच्या पूजेचा. त्यातलं पाणी दुसऱ्या कामाला काढलं, की उरलेलं पूजेला चालत नाही. आणि पूजेशिवाय घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम.

"ते नगं, गुरुजी," धोंडाबाई कळवळली. "उपाशी ऱ्हाताल."

"राहतो!" गुरुजी खेकसले, आणि तांब्याचं झाकण काढलं.

काचेच्या एका कडेला थेंब सोडायचा, दुसऱ्या कडेनं टीपकागदानं खारं पाणी ओढायचं. परत थेंब. ओठांत शिवनाम, कपाळाला आठ्या.

"शिवगंगे, बघ."

पोरीनं डोळा लावला. "गुरुजी, हललं! पसरायलंय... भिंतीला टेकलं की!"

वर्ग उठून ढकलाढकली करू लागला. तेवढ्यात चंद्रप्पा आत आला. "बास झालं आता," म्हणत त्यानं यंत्र उचललं, पेटीत घातलं. "अरे, एकच पोर बघितलंय रे!" गुरुजी मागं धावले. जीप धुरळा उडवत गेली.

पोरांनी शिवगंगेला घेरलं. "काय दिसलं गं?"

"घर होतं," ती म्हणाली. "आतले समदे मधी अंग चोरून बसलेले. पाणी आलं, तसे ऐसपैस झाले."

गुरुजी पायरीवर बसले होते, पूजेला न चालणारा तांब्या हातात फिरवत.

आज पानावर बसाल, तेव्हा गुरुपादप्पांची आठवण तुम्हाला येईलच. पण बाबांनो, धोंडाबाईलाही आठवा. तिचा नेम कुठलाच नव्हता. तरी त्या दुपारी तिनंही भाकरीच्या फडक्याची गाठ सोडली नाही.