न हललेली पट्टी

पट्टी हलत नव्हती.

वारेमास्तरांनी ती सकाळीच स्टुलावर चढून खिडकीच्या वरच्या चौकटीला चिकटवली होती. बोटभर रुंद, कांद्याच्या सालीसारखी पातळ कागदाची पट्टी. चाळीस वर्षं त्यांनी नाट्यगृहांच्या आणि कारखान्यांच्या छतांतून हवेच्या वाटा काढून दिल्या होत्या, म्हणून हे नाव. हवा खेळती असली की पट्टी थरथरते, कोंडली की नुसती लोंबते. याहून मोठं यंत्र त्यांनी कधी मानलं नाही.

खाली हॉलमध्ये दोनशे माणसं जमिनीवर रंगवलेल्या गोलांत उभी होती. साथ सुरू झाल्यापासून कामावर जायचं तर दर आठवड्याला निरोगी असल्याचा शिक्का लागे, आणि शिक्का हवा तर या हॉलमध्ये तीन-तीन तास काढावे लागत. खिडक्या बंद ठेवायच्या, असं आरोग्य खात्याचं परिपत्रक होतं. फवारलेल्या औषधाची वाफ बाहेर जाता कामा नये.

"वाफ कोंडली की रोग गुदमरतो, असं लिहिलंय का गं त्यात?" मास्तरांनी लेकीला विचारलं. लेक या केंद्राची प्रमुख होती. ते आले होते तिच्या केबिनमधला बिघडलेला पंखा बघायला. पंखा केव्हाच फिरू लागला होता, मास्तर काही हलत नव्हते.

"बाबा, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. माणसाला गोलात उभं केलंत, त्याच्या श्वासाला कोण उभं करणार?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. तिला हसू आलं नाही. मास्तर पुन्हा स्टुलावर चढले, कानामागची पेन्सिल काढून पट्टीवर काहीतरी टिपलं आणि गुडघा धरत उतरले. दर दोन तासांनी त्यांचं हेच चाललं होतं.

तीन वाजता खात्याचे संचालक कॅमेरेवाल्यांना घेऊन आले. त्यांनी गोल पाहिले, बंद खिडक्या पाहिल्या आणि केंद्र आदर्श असल्याचं जाहीर केलं. चार वाजता मास्तर स्टुलावर चढले, तर पट्टी जागेवर नव्हती.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "पट्टी कोणी काढली?"

"सफाईवाल्यांनी काढली असेल."

"तिथे स्टुलाशिवाय हात पोचत नाही," मास्तर म्हणाले. मग थोडा वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. "असू दे. उद्या दुसरी लावतो. भाजी वाढ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी लावलीच नाही. स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि एक खिडकी सरळ उघडून टाकली. पहारेकऱ्याने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. अकराव्या दिवशी ते गेले. त्या आठवड्याच्या रांगांतली आणखी एकोणीस माणसं गेली.

चौकशीला आठ महिने लागले. अहवालाचा मसुदा तिने तीनदा वाचला. एका निवृत्त कारागिराने नियम धाब्यावर बसवून खिडकी उघडली, त्यामुळे फवारणी वाया गेली आणि संसर्ग पसरला, असं त्यात छापलं होतं. त्या एकोणिसांपैकी सतराजण आदल्या दिवशी, सगळ्या खिडक्या बंद असताना, रांगेत उभे होते. हे मात्र त्यात कुठेच नव्हतं.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. मधल्या खुर्चीत निवृत्त न्यायाधीश असलेल्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. संचालक शांतपणे सांगत होते.

"कोंडलेल्या हवेत रोग पसरतो, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं, बाई. आज मागे वळून शहाणपण सांगायला काय जातंय."

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना ठाऊक होतं. आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

संचालक मान हलवून हसले. सांत्वनाला आलेला माणूस हसतो तसे. "मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण तोंडी काय, काहीही म्हणता येतं. लेखी आहे का काही?"

तिने पर्स उघडली. आत मास्तरांच्या चष्म्याचं घर होतं. त्यातून तिने ती पट्टी काढली आणि दोन बोटांनी सरळ करून टेबलावर ठेवली.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावून वाचलं. वर त्या दिवसाची तारीख होती. खाली पेन्सिलीचं बारीक अक्षर. दहा वाजता, माणसं दोनशे, हलत नाही. बारा वाजता, हलत नाही. दोन वाजता, हलत नाही, खिडक्या उघडा.

संचालकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. तिचं काम झालं होतं. आता पट्टी उचलून ती घरी गेली असती तरी मास्तरांच्या नावावरचा डाग पुसला गेला असता.

अध्यक्षबाईंनी पट्टी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"दर दोन तासांनी नोंद आहे. मग चारची का नाही?"

"चार वाजता पट्टी तिथे नव्हती, बाई. साहेब येणार म्हणून अडीचलाच मी स्टुलावर चढले आणि ती काढली."